डीलर पोर्टलच्या प्रत्येक क्लिकला सेल्सफोर्सला विचारायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मकरपुरा जीआयडीसीतल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीसाठी तुम्ही डीलर पोर्टल लिहिलंय. पायथनमध्ये, जँगो ही वेब चौकट वापरून, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. कंपनीची सेल्सची माणसं सेल्सफोर्सवर, म्हणजे ग्राहक आणि ऑर्डरी सांभाळणाऱ्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर, काम करतात. एंटरप्राइज एडिशन, ३० लायसन्स. डीलर लॉगिन करतो आणि त्याला आपल्या ऑर्डरी, माल निघाला की नाही, थकबाकी किती, हे दिसतं. हे सगळं तुम्ही त्या त्या क्षणी सेल्सफोर्सच्या रेस्ट एपीआयला (प्रोग्रॅमने इंटरनेटवरून डेटा मागायची सोय) क्वेरी करून आणता. सुरुवातीला छान चाललं. आता दिवसभरात साधारण ४० डीलर पान उघडं ठेवून बसतात, पान दर दोन मिनिटांनी आपोआप ताजं होतं, आणि रोज साडेचारच्या सुमारास एरर यायला लागतात. एरवीही पान हळू उघडतं. वर सेल्स मॅनेजरच्या रिपोर्टमधला महिन्याचा आकडा पोर्टलशी जुळत नाही. साहेब म्हणतात, जास्तीचे एपीआय कॉल विकत घेऊ. तुम्ही विचारताय, क्वेरी ऑप्टिमाइज कशी करू, आणि रेडिस (उत्तरं तात्पुरती साठवणारा कॅश) लावू का.

मी बडोद्यातच कारखान्यांची ईआरपी (कारखान्याचा हिशेब-साठा सांभाळणारी प्रणाली) आणि सीआरएम (सेल्सफोर्ससारखी ग्राहकांची प्रणाली) जोडायचं काम करते, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे. क्वेरी सुधारायला जागा आहे, ते पुढे सांगतेच. पण तुमची खरी अडचण क्वेरीत नाही. तुम्ही सेल्सफोर्सला आपल्या पोस्टग्रेससारखं वागवताय. सेल्सफोर्सची क्वेरीची भाषा, एसओक्यूएल, दिसायला डेटाबेसच्या एसक्यूएलसारखी आहे, सिलेक्ट-फ्रॉम-व्हेअर सगळं तेच, म्हणून असं होणं साहजिक आहे. पण पलीकडे आहे ती असंख्य कंपन्यांनी मिळून वापरायची सामायिक यंत्रणा. एका कंपनीच्या कोडने दुसरीचं काम अडू नये म्हणून तिथे प्रत्येक गोष्टीला मर्यादा आहे. 'सिलेक्ट स्टार' चालत नाही, सगळी फील्डं एकदम मागायची सोय आहे तीही एका वेळी २०० रेकॉर्डपुरती. ऑफसेट, म्हणजे सुरुवातीची किती रेकॉर्डं सोडून पुढची मागायची तो आकडा, २००० च्या पुढे जात नाही. आणि दिवसाच्या एकूण कॉल्सना छत आहे.

आधी त्या छताचा हिशेब करू, कारण साडेचारचं कोडं त्यातच सुटतं. एंटरप्राइज एडिशनला २४ तासांत १,००,००० कॉल आणि प्रत्येक सेल्सफोर्स लायसन्समागे आणखी १,००० मिळतात. तुमची ३० लायसन्स, म्हणजे १,३०,०००. आता तुमचं पान बघा. तुम्ही लिहिलंय की आधी डीलरच्या चालू ऑर्डरींची यादी मागवता आणि मग प्रत्येक ऑर्डरसाठी तिच्या आयटमची वेगळी क्वेरी. १५ ऑर्डरी असल्या तर एका वेळेला १६ कॉल. दहा ते सहा या आठ तासांत दर दोन मिनिटांनी, म्हणजे २४० वेळा. ४० डीलर. गुणाकार केला की १,५३,६०० कॉल होतात. दहाला सुरुवात केली तर १,३०,००० चा आकडा पावणेपाचच्या आसपास गाठला जातो. रात्री ईआरपीतला डेटा सेल्सफोर्समध्ये भरणारा लोड आणि इतर जोडण्या त्याच कोट्यातून खातात, म्हणून तुमच्याकडे तो थोडा आधी संपतो. ही मोजणी रात्री बाराला शून्यावर येत नाही. ती मागच्या २४ तासांची सरकती मोजणी आहे. कालचे सकाळचे कॉल जसजसे खिडकीतून बाहेर जातात तसतशी आज जागा होते, म्हणून रोज जवळपास त्याच वेळेला तुम्ही त्याच भिंतीवर आपटता.

हे अंदाजाने मानायचीही गरज नाही. रेस्टच्या प्रत्येक उत्तरासोबत 'एसफोर्स-लिमिट-इन्फो' नावाचा हेडर येतो, त्यात आतापर्यंत किती वापरले आणि एकूण किती, हे लिहिलेलं असतं. तो आजपासून लॉगमध्ये टिपायला लागा. दोन दिवसांत कोणतं पान किती खातंय ते डोळ्यांसमोर येईल, आणि साहेबांशी बोलताना हातात काहीतरी असेल.

जास्तीचे कॉल घेऊन आजचा प्रश्न तात्पुरता मिटेल. पण डीलर ४० चे ८० झाले की तोच खर्च पुन्हा, आणि पानाचा हळूपणा तसाच राहील, कारण कोटा वाढवल्याने एकेका कॉलचा वेळ कमी होत नाही. मी तरी आत्ता ते घ्यायला सांगणार नाही.

आता यातलं परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते सांगते. सगळ्यात आधी हे ठरवायला हवं की कोणता आकडा किती शिळा चालेल. हे कोडकडे बघून ठरत नाही, डिस्पॅचला जाऊन ठरतं. अशाच एका कारखान्यात डेव्हलपरना वाटत होतं की माल निघाल्याची माहिती क्षणाक्षणाला बदलते. प्रत्यक्षात डिस्पॅचचे भाई दिवसभर एलआर नंबर (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा क्रमांक) चलनावर पेनाने लिहून ठेवत आणि संध्याकाळी ट्रक गेटबाहेर पडले की बसून सगळे एकदम सिस्टिममध्ये घालत. म्हणजे ती माहिती दिवसातून एकदा बदलायची, आणि पोर्टल ती दर दोन मिनिटांनी विचारायचं. तुमच्याकडे वेगळं असेलही. गेटवरच टॅब्लेट असेल आणि गाडी निघताच नोंद होत असेल. पण जाऊन बघा. अर्धा तास लागेल, आणि तुमचं अर्धं डिझाइन तिथेच ठरेल.

थकबाकी आणि क्रेडिट लिमिटचं मात्र दोन प्रकारचं काम असतं. डीलर नुसता बघतोय तेव्हा दहा मिनिटांपूर्वीचा आकडा पुरतो. तोच डीलर 'ऑर्डर द्या' हे बटण दाबतो तेव्हा शिळा आकडा चालत नाही, कारण त्या आकड्यावर माल सोडायचा की नाही हे ठरतं. त्या एका क्षणी सेल्सफोर्सला थेट विचारा, तिथे कॉल खर्च करणं योग्यच आहे. बाकी सगळं वाचन, सेल्सफोर्सच्या डेटाची एक प्रत आपल्या पोस्टग्रेसमध्ये ठेवून, तिच्यावरून करा. माझ्या कामात मी हाच नियम धरते: निर्णयासाठी लागणारं थेट, बघण्यासाठी लागणारं प्रतीतून.

रेडिस लावू नका असं मी म्हणत नाही, पण ते इथे अपुरं पडेल. कॅश म्हणजे कोणीतरी विचारल्यावर आणलेलं उत्तर थोडा वेळ धरून ठेवणं. पहिला विचारणारा थांबतोच, प्रत्येक डीलरचं उत्तर वेगळं असल्यामुळे एकाचं दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, आणि सेल्सफोर्स बंद असलं की कॅश संपल्यावर तुम्हीही बंद. डीलरला महिन्याच्या ऑर्डरी शोधायच्या, क्रमाने लावायच्या, बेरीज बघायची असते. ते काम डेटाबेसमधल्या टेबलाचं आहे.

मग प्रत कशी ठेवायची? इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण माणसं इथेच अडकतात.

पहिल्यांदा सगळा डेटा एकदाच आणायचा. तुमच्याकडे काही हजार ऑर्डरी असतील तर साधी क्वेरी पुरेल. लाखांच्या घरात असतील तर बल्क एपीआय २.० वापरा. त्यात क्वेरीचं जॉब टाकायचं, तयार झालं का ते विचारत राहायचं, आणि निकाल सीएसव्हीत उचलायचा. त्यानंतर दर पाच मिनिटांनी फक्त बदललेली रेकॉर्डं मागायची, यालाच सिंक म्हणू. तीन ऑब्जेक्ट (सेल्सफोर्समधली टेबलं) धरली तर २४ तासांत ८६४ कॉल. डीलर ४० असोत की ४००, आकडा तोच. एवढ्यासाठीच मी प्रतीचा आग्रह धरतेय: खर्च डीलरच्या संख्येपासून सुटतो.

'बदललेली' ठरवायला लास्टमॉडिफाइडडेट घेऊ नका, सिस्टिममॉडस्टॅम्प घ्या. दोन्हींत रेकॉर्ड शेवटचं बदलल्याची वेळ असते, पण सिस्टिमने स्वतः केलेले बदल सिस्टिममॉडस्टॅम्पमध्ये धरले जातात, आणि त्यावर इंडेक्स असतो, म्हणजे शोध लवकर होतो. मागच्या वेळी आलेल्या रेकॉर्डांतला सगळ्यात मोठा सिस्टिममॉडस्टॅम्प जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तिथून पुढचं मागायचं. आपल्या सर्व्हरचं घड्याळ यात आणू नका. आणि मागताना ती खूण पाचेक मिनिटं मागे सरकवा. कारण असं की मोठा लोड चालू असताना रेकॉर्डवर वेळ पडते एका क्षणी आणि ते व्यवहार पूर्ण होऊन बाहेर दिसायला लागतं त्यानंतर. त्या फटीत तुमचा सिंक येऊन गेला तर ते रेकॉर्ड कायमचं सुटतं, आणि असलं सुटलेलं एखादं रेकॉर्ड शोधणं फार जिकिरीचं असतं. मागे सरकल्यामुळे काही रेकॉर्डं दुबार येतील, येऊ द्या. रेकॉर्डच्या आयडीवर 'असेल तर बदल, नसेल तर घाल' असं लिहिलं की दुबार येण्याने काहीच बिघडत नाही.

आयडीचंही सांगते. सेल्सफोर्सचा आयडी १५ अक्षरी आणि १८ अक्षरी अशा दोन रूपांत भेटतो. १५ अक्षरी रूपात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांना अर्थ असतो: फक्त एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी ते वेगळं रेकॉर्ड असतं. एपीआय १८ अक्षरी देतं, पण रिपोर्टमधून एक्सेलला काढलं की १५ अक्षरी येतं. एक्सेलचं व्हीलुकअप लहान-मोठं अक्षर ओळखत नाही, आणि सापडलेल्या पहिल्याच ओळीवर समाधान मानतं. तुमचे मॅनेजर पोर्टलचा आणि रिपोर्टचा मेळ एक्सेलमध्ये घालत असतील तर न जुळण्याचं एक कारण इथेच असू शकतं. आपल्या टेबलात नेहमी १८ अक्षरी ठेवा.

पुसलेल्या रेकॉर्डांचं काय? साधी क्वेरी ती देतच नाही, म्हणजे सेल्सच्या माणसाने रद्द करून काढून टाकलेली ऑर्डर तुमच्या प्रतीत जिवंत राहील आणि डीलर फोन करून विचारेल, माल कधी येतोय. त्यासाठी 'क्वेरीऑल' हा वेगळा मार्ग आहे. तो पुसलेलीही देतो, इजडिलीटेड हे फील्ड मागून ती ओळखायची. पण पुसलेलं रेकॉर्ड रिसायकल बिनमध्ये १५ दिवस राहतं, नंतर त्याचा भरवसा नाही. म्हणून आठवड्यातून एकदा रात्री फक्त आयडींची पूर्ण यादी आणून आपल्या यादीशी ताडायची. नुसते आयडी मागितले तर हे काम हलकं असतं.

आणि आता सगळ्यात फसवी गोष्ट: फॉर्म्युला फील्ड. सेल्सफोर्समध्ये फॉर्म्युला फील्डची किंमत साठवलेली नसते, वाचताना काढली जाते. समजा ऑर्डरवर 'डीलरची थकबाकी' असं फील्ड कोणी फॉर्म्युल्याने केलंय, जे डीलरच्या अकाउंटवरून आकडा उचलतं. उद्या अकाउंटवरची थकबाकी बदलली. ऑर्डरचं पान उघडलं तर नवा आकडा दिसेल, पण ऑर्डरचा सिस्टिममॉडस्टॅम्प जागचा हलणार नाही, आणि तुमचा सिंक ती ऑर्डर आणणारच नाही. स्क्रीनवर एक, पोर्टलवर दुसरं, आणि कुठेच एरर नाही. उपाय सोपा आहे: फॉर्म्युला फील्डं प्रतीत घेऊच नका. ज्या मूळ ऑब्जेक्टवर खरा आकडा आहे ते ऑब्जेक्ट सिंक करा आणि हिशेब पोस्टग्रेसमध्ये करा. कोणतं फील्ड फॉर्म्युला आहे हे 'डिस्क्राइब' कॉलच्या उत्तरात प्रत्येक फील्डच्या 'कॅल्क्युलेटेड' या खुणेवरून कळतं.

आता महिन्याचा आकडा का जुळत नाही याकडे येते. तुमच्या वर्णनावरून तीन कारणं संभवतात, आणि माझा संशय पहिल्यावर जास्त आहे.

सेल्सफोर्स वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतं. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तुम्ही महिन्याची सुरुवात एक तारखेच्या शून्य वाजल्यापासून धरली आणि ती यूटीसी म्हणून पाठवली, तर आपल्या घड्याळातले मध्यरात्र ते पहाटे साडेपाच हे तास मागच्या महिन्यात जातात. कारखाना त्या वेळी झोपलेला असतो, म्हणून कोणाला वाटतं याने काय फरक पडणार. पण तुम्हीच लिहिलंय की ईआरपीतला डेटा रात्री दोन वाजता सेल्सफोर्समध्ये लोड होतो. म्हणजे एक तारखेच्या रात्री तयार झालेली सगळीच्या सगळी रेकॉर्डं यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रात्री साडेआठला पडतात. फरक दोन-चार ऑर्डरींचा राहत नाही, अख्ख्या एका रात्रीचा होतो. आणि ३१ मार्चला, वर्षअखेरीची बिलं लोड होतात त्या रात्री, तो सगळ्यात मोठा दिसेल.

दुरुस्ती करताना एक बारीक खाच आहे. तुम्ही तारखेपुढे भारतीय वेळेचा फरक, म्हणजे अधिक ०५:३०, असा लावायला जाल. क्वेरी यूआरएलमधून जाते, आणि यूआरएलमध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे मोकळी जागा. पलीकडे पोचतं ते तुटलेलं, आणि 'मॅलफॉर्म्ड क्वेरी' असा एरर येतो, जो वाचून कोणाच्याही लक्षात येत नाही की दोष एका चिन्हाचा आहे. क्वेरी स्ट्रिंग हाताने जोडू नका, लायब्ररीला पॅरामीटर म्हणून द्या, ती ते चिन्ह नीट बदलून पाठवते. किंवा वेळ आधीच यूटीसीत फिरवून घ्या. मी तेच करते. ज्या फील्डमध्ये नुसती तारीख आहे, वेळ नाही, तिथे मात्र हा फरक लावायचा नसतो. ऑर्डरची तारीख हे बहुधा असंच फील्ड असेल, आणि व्यवसायाच्या रिपोर्टसाठी रेकॉर्ड तयार झाल्याच्या वेळेपेक्षा तेच बरोबर. तुम्ही क्वेरीत 'टुडे' किंवा 'धिस मंथ' असे शब्द वापरत असाल तर त्यांचा अर्थ क्वेरी करणाऱ्या युजरच्या टाइमझोनप्रमाणे लागतो. इंटिग्रेशन युजरचा, म्हणजे ज्या युजरच्या नावाने ही जोडणी चालते त्याचा, टाइमझोन एकदा उघडून बघा. तो अमेरिकेतलाच राहून गेलेला अनेकदा सापडतो.

दुसरं कारण परवानगीचं. एपीआयमधून क्वेरी केली तरी ती कोणत्यातरी युजरच्या नावाने चालते, आणि त्या युजरला जी रेकॉर्डं दिसायची नाहीत ती गुपचूप गळतात. एरर येत नाही, संख्या कमी येते. फील्ड दिसत नसेल तर उलट: 'असा कॉलमच नाही' असा एरर येतो, फील्ड समोर स्क्रीनवर दिसत असलं तरी. या दोन्ही वेळी माणसं क्वेरीत चूक शोधत बसतात. तुम्ही सध्या सेल्स मॅनेजरच्याच लॉगिनने जोडलंय असं दिसतं. ते बदला. एंटरप्राइज एडिशनसोबत इंटिग्रेशनसाठीची पाच लायसन्स मोफत येतात, त्यातलं एक घ्या, फक्त लागणाऱ्या ऑब्जेक्टवर 'सगळं बघा' अशी परवानगी परमिशन सेटमधून द्या, आणि ओऑथच्या, म्हणजे माणसाच्या पासवर्डशिवाय प्रवेश देणाऱ्या रचनेच्या, जेडब्ल्यूटी किंवा क्लायंट क्रेडेन्शियल्स पद्धतीने जोडा. माणसाच्या पासवर्डवर चालणारी जोडणी त्या माणसाने नोकरी सोडली की त्याच दिवशी तुटते. टोकन (लॉगिननंतर मिळणारी प्रवेशाची तात्पुरती किल्ली) एकदा घेऊन ते चालेपर्यंत वापरा, प्रत्येक विनंतीला नवं लॉगिन करू नका. तुमच्या पानाच्या हळूपणात याचाही वाटा असेल.

तिसरं कारण पानांचं. एका उत्तरात जास्तीत जास्त २००० रेकॉर्डं येतात. पुढची असतील तर 'डन' हे फॉल्स असतं आणि पुढच्या भागाचा पत्ता सोबत दिलेला असतो. जो कोड तो पत्ता पाहत नाही तो पहिल्या २००० वर थांबतो आणि बेरीज मुकाट्याने कमी दाखवतो. एखादी संख्या बरोबर २००० दिसली की शंका घ्या. ऑर्डरच्या पोटात आयटम मागितले तर त्या आतल्या यादीचाही स्वतंत्र पुढचा पत्ता असू शकतो, तो तर हमखास विसरला जातो.

क्वेरी सुधारण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर आता छोटं आहे. ऑर्डर आणि तिचे आयटम एकाच क्वेरीत येतात: आयटमची उपक्वेरी कंसात, ऑर्डरच्या फील्डांच्या यादीतच लिहायची. १६ कॉलचा एक होतो, आणि १,५३,६०० चे ९,६०० होतात. प्रत तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतील. तोपर्यंत एवढा एक बदल आजच करा, साडेचारचे एरर थांबतील. वेगवेगळ्या ऑब्जेक्टच्या क्वेरी एकत्र पाठवायला कंपोझिट रिसोर्स आहे, त्यात २५ उपविनंत्या बसतात (त्यांपैकी क्वेरी जास्तीत जास्त पाच) आणि कोट्यातून एकच कॉल जातो. ऑर्डर देतानाच्या थेट तपासणीला तो उपयोगी पडेल: क्रेडिट लिमिट, थकबाकी, डीलर चालू आहे की थांबवलेला, हे एकदम.

त्या थेट कॉलला टाइमआउट लावा, आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं ते सेल्सवाल्यांकडून ठरवून घ्या. ऑर्डर अडवायची, की 'मंजुरीसाठी थांबली' म्हणून घेऊन ठेवायची? हा व्यवसायाचा निर्णय आहे, डेव्हलपरने मनाने घेऊ नये. दिवाळीनंतर लाभपाचमेला बाजार उघडतो आणि सगळे डीलर एकाच सकाळी ऑर्डरी टाकतात. हा निर्णय तोंडी राहिला असेल तर त्या दिवशी फोन थांबणार नाहीत.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वर्णनातल्या एका वाक्याने मी थबकले: डीलरचा कोड यूआरएलमधून घेऊन तुम्ही तो क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये जोडता. यात दोन धोके आहेत. इंटिग्रेशन युजरला सगळ्या डीलरांचं सगळं दिसतं, म्हणून कोणी यूआरएलमधला कोड बदलला की दुसऱ्या डीलरचे दर आणि थकबाकी त्याच्यासमोर उघडी. सेल्सफोर्स तिथे तुम्हाला वाचवणार नाही, त्याच्या दृष्टीने विचारणारा तुमचा विश्वासू युजरच आहे. डीलर कोण हे फक्त सर्व्हरवरच्या सेशनमधूनच घ्या. दुसरं, शोधाच्या चौकटीत कोणी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तर क्वेरी तुटते, आणि हेतू वाईट असेल तर क्वेरीचा अर्थच बदलता येतो. रेस्ट क्वेरीला पोस्टग्रेससारखे बांधलेले पॅरामीटर नाहीत, त्यामुळे ते चिन्ह आपणच निष्प्रभ करायला हवं. पायथनच्या सिंपल-सेल्सफोर्स लायब्ररीत यासाठी 'फॉरमॅट-एसओक्यूएल' आहे, ते वापरा. हे काम प्रतीची वाट न बघता या आठवड्यात करा. बडोद्यासारख्या बाजारात एका डीलरचा डिस्काउंट दुसऱ्याला कळला तर कंपनीचं जे नुकसान होतं ते कोड दुरुस्त करून भरून येत नाही.

दर पाच मिनिटांनी विचारण्याऐवजी सेल्सफोर्सनेच बदल कळवावा, अशी सोयही आहे: चेंज डेटा कॅप्चर. ते चांगलं आहे, पण त्यातले इव्हेंट ७२ तासच राखून ठेवले जातात. तुमचा ऐकणारा प्रोग्रॅम दिवाळीच्या सुट्टीत बंद पडला आणि चार दिवसांनी कोणाच्या लक्षात आलं, तर मधलं गेलं, आणि मग वर सांगितलेला सिंक लागतोच. म्हणून आधी साधा सिंक पक्का करा. मिनिटाच्या आत बदल दिसायची खरी गरज निघाली तर त्यावर हे चढवा. व्हॉल्व्हच्या डीलरला ती गरज असेल असं मला वाटत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे झोहो सीआरएम असेल (माझ्याकडे येणाऱ्या छोट्या कंपन्यांत ते बरंच दिसतं), तर मांडणी हीच ठेवा, खाचा वेगळ्या. खातं भारतातल्या डेटा सेंटरवर असेल तर पत्ता डॉट-इनचा लागतो, डॉट-कॉमवर टोकन मागून काही मिळत नाही. टोकन एक तास चालतं. यादीच्या एका पानात २०० रेकॉर्डं. आणि एकही रेकॉर्ड नसेल तेव्हा रिकामी यादी येत नाही, २०४ हा कोड येतो आणि उत्तराचा मजकूरच नसतो. तो न पाहता जेसन वाचायला गेलेला कोड तिथे कोसळतो. पुसलेल्या रेकॉर्डांसाठी वेगळा मार्ग तिथेही आहे.

शेवटी दोन कामं, जी टाळली जातात. रोज रात्री गेल्या तीन महिन्यांची, महिन्यागणिक ऑर्डरींची संख्या आणि रकमेची बेरीज दोन्हीकडून काढा, सेल्सफोर्सकडून एका गटवार क्वेरीने आणि पोस्टग्रेसकडून दुसऱ्या. फरक निघाला तर मेल. मॅनेजरना कळायच्या आधी तुम्हाला कळेल. आणि पोर्टलवर प्रत्येक तक्त्याखाली 'ही माहिती अमुक वाजेपर्यंतची' असं स्पष्ट लिहा, खऱ्या सिंकच्या वेळेवरून. आकडा जुना आहे हे डीलरला चालतं. तो जुना आहे हे त्याला माहीत नसणं चालत नाही, आणि अशा वेळी तो पोर्टल सोडून पुन्हा सेल्सच्या माणसाला फोन करायला लागतो.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी कळल्या तर पुढचं नेमकं सांगता येईल: थकबाकीचं फील्ड फॉर्म्युला आहे की ईआरपीतून लोड होणारा साधा आकडा, आणि रात्रीचा लोड जुनी रेकॉर्डं बदलतो की पुसून नवी घालतो. पुसून घालत असेल तर रोज आयडी बदलतील आणि वर सांगितलेली आयडीवरची जुळणी चालणार नाही. मग ईआरपीचा ऑर्डर नंबर एक्सटर्नल आयडी (बाहेरच्या प्रणालीतली ओळख) म्हणून घ्यावा लागेल, आणि तो लोडच आधी दुरुस्त करून घ्यावा लागेल.